मनगट लुळं पडलंय? हात नुसता सोडून देऊ नका

दंडाचं हाड मोडून रेडिअल नर्व्ह, म्हणजे मनगट आणि बोटं उचलणारी नस, दुखावली की मनगट लोंबकळतं, बोटं सरळ होत नाहीत. माझंही तसंच झालं होतं, म्हणून कळकळीने सांगतो. नस दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढते, त्यामुळे मनगट उचलायला महिने जातात. रोज उठून फरक शोधू नका, जीव मेटाकुटीला येतो.

तोवर सांधे आखडू द्यायचे नाहीत, हेच खरं काम. स्प्लिंट, म्हणजे मनगटाला आधार देणारी पट्टी, नेमाने लावा. दुसऱ्या हाताने मनगट, बोटं आणि विशेषतः अंगठा हलकेच मागे नेत राहा. नस परत आली आणि सांधेच आखडलेले असले तर काय उपयोग? बधिर जागेला चटका कळत नाही, तेव्हा गरम वस्तूंपासून जपा. नसेच्या वाटेवर टिचकी मारल्यावर जिथे झिणझिण्या येतात ती जागा महिन्यागणिक खाली सरकत असेल, तर लक्षण चांगलं.

ईएमजीची, म्हणजे स्नायू आणि नसांच्या विद्युत तपासणीची, घाई पहिल्याच आठवड्यात नको. साधारण 3 आठवड्यांनी चित्र स्पष्ट होतं. मात्र 3-4 महिन्यांत काहीच हालचाल नसेल तर हाताच्या सर्जनला गाठाच. स्नायू वर्ष-दीड वर्ष नसेविना राहिला, की पुढे नस जोडूनही तो फारसा साथ देत नाही. कापल्याची उघडी जखम असेल तर मात्र एक दिवसही थांबू नका.