निधीचा कार्यक्रम केंद्राच्या अंगणातच कर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

कलाकेंद्राच्या निधीसाठीच्या कार्यक्रमाचा तुझा आराखडा नीट वाचला. बेळगावात हॉटेलचा हॉल, पाच हजारांचं तिकीट, मुंबईहून निवेदक, पंगतीऐवजी गोल टेबलं, मध्ये मुलांची दोन गाणी आणि शेवटी देणगीचं आवाहन. वर नाव दिलं आहेस ‘गाला नाइट’. तुझी तळमळ मला कळते. खानापूर तालुक्यातल्या एका गावात दोन खोल्यांत नाटक, भजन, पेटी-तबला आणि लेझीम शिकवायचं, तर दर महिनाअखेरीला कुणाचं मानधन पुढं ढकलायचं हा प्रश्न असतोच. एका रात्रीत वर्षाची चिंता मिटावी असं वाटणं साहजिक आहे. तरी माझं स्पष्ट मत असं की हा कार्यक्रम हॉटेलात करू नये. केंद्राच्या अंगणात करावा, आणि त्याआधी चार महिने गावोगाव फिरून घ्यावं.

मोठा देणगीदार, मग तो उद्यमबागेतला कारखानदार असो की पुण्यात स्थिरावलेला आपल्याच भागातला डॉक्टर, तोंडानं विचारो वा न विचारो, त्याच्या मनात पहिला प्रश्न एकच असतो: तुमच्या गावानं यात काय घातलं? याचं उत्तर तुझ्याकडं वहीत लिहिलेलं हवं. शंभर घरांनी प्रत्येकी दोनशे रुपये दिले तर रक्कम वीस हजारच होते. हॉटेलच्या हॉलचं भाडंही त्यात भागायचं नाही. पण शंभर घरांची नावं असलेली वही समोर ठेवलीस की पुढचा माणूस आपला हात आखडता घेत नाही. चालू गाडीत बसायला माणसं तयार असतात, ढकलायला बोलावलं तर घड्याळ बघतात.

आपल्याकडं हे नवं नाही. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी या गावांनी मराठी साहित्य संमेलनं भरवली ती गावाच्या बळावर. ग्रंथदिंडीत बायका डोक्यावर कळशी घेऊन पुढं, भजनी मंडळ मागं, पाहुण्यांचा चहा कुणाच्या तरी सोप्यावर. ज्यांनी तो मांडव उभारला ते पुढच्या वर्षी न बोलावता येतात. केंद्राला अशी माणसं हवीत, एका रात्रीपुरते पाहुणे नकोत.

तेव्हा सुरुवात चवथीला कर. गणपतीत मुंबई, पुणे, गोव्यात कामाला असलेली आपली पोरं घरी येतात. तेव्हा पैसे मागू नकोस, नुसता शब्द घे आणि नाव लिहून ठेव. भाताची सुगी, मळणी उरकली की घरात पैसा खेळतो. तेव्हा पावतीपुस्तक घेऊन बाहेर पड. ज्याच्याकडं पैसा नाही त्याच्याकडून तांदूळ घे, गवंड्याकडून दोन दिवसांचं काम घे, टेम्पोवाल्याकडून एक खेप घे. त्याची बाजारभावानं किंमत करून त्याच वहीत, त्याच ओळीत लिही. तांदळाचं पोतं देणाऱ्या बाईचं नाव धनादेश देणाऱ्याच्या खाली वेगळ्या रकान्यात गेलेलं मला चालणार नाही.

आता मागायचं काय. ‘कलेच्या संवर्धनासाठी सढळ हस्ते मदत करा’ हे वाक्य तुझ्या पत्रकातून काढून टाक. त्यातून कुणाला काही दिसत नाही. तुला पहिल्यांदा हवी आहे वाद्यखोली, तेच माग. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस ज्यानं बघितला नाही त्याला ही गरज सांगून कळणार नाही, ती दाखवावी लागते. म्हणून कार्यक्रमाच्या दिवशी दारातच एका टेबलावर ती जुनी पेटी ठेव. आल्यागेल्याला पट्टी दाबून बघू दे. काळी चार दाबली की शेजारची पांढरीही खाली जाते आणि दोन्ही वर यायचं नाव घेत नाहीत. भाता मारला की पुढून सूर आणि मागून फसफस. शेजारी तबला ठेव, पुडीवर बुरशीचे पांढरे ठिपके आणि शाईला गेलेली चीर दिसेल अशा बेतानं. एखादी मुलगी उभी राहून सांगेल की जून ते सप्टेंबर आम्ही ही वाद्यं चुलीच्या खोलीत, माळ्याखाली ठेवतो. यापुढं आवाहनाची गरजच उरत नाही. उंच जोतं, पक्कं छप्पर, दाराची कपाटं, असा खोलीचा नकाशा आणि गवंड्याचा अंदाज भिंतीवर लाव.

दुसरी गोष्ट मागायची ती दरवर्षाची. गुरुजींचं मानधन, वाद्यांची दुरुस्ती, वीज, मुलांचा प्रवास यांची बेरीज कर, मुलांच्या संख्येनं भाग. जो आकडा येईल तो एका मुलाचा एका वर्षाचा खर्च. हा आकडा देणगीदाराला पटतो आणि पुढच्या वर्षी त्याच्याकडं परत जाता येतं. खोली एकदा बांधून होते, शिकवणं रोज चालायचं असतं.

कार्यक्रमात भाषणं कमी. व्यासपीठावर खुर्च्याच मांडू नकोस म्हणजे कुणाला बसवायचं हा वादच मिटतो. शाल-श्रीफळ फक्त ज्यांनी मुलांना शिकवलं त्यांना. मुलांचा नाट्यप्रवेश वीस मिनिटांचा, पण चोख बसवलेला. शोभेपुरतं एक गाणं आणि बाकी जेवण, असा कार्यक्रम केलास तर लोक जेवणाला गुण देऊन घरी जातील. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत संयुक्त ‘मानापमान’ झालं, बालगंधर्व आणि केशवराव भोसले एका रंगमंचावर उभे राहिले. दोन्ही बाजूंच्या चाहत्यांनी जिवाचा आटापिटा करून तिकिटं मिळवली ती या दोघांना एकत्र ऐकायचं होतं म्हणून. फंडाला पैसा मिळाला तो त्या गाण्यामुळं. आपली मुलं लहान आहेत, पण तत्त्व तेच: रंगमंचावर जे घडेल त्यानंच पैसा मागावा.

आणि एक आग्रह. कार्यक्रमात कन्नड हवंच. गोकाक भागातून श्रीकृष्ण पारिजात या कन्नड लोकनाट्याचा एखादा संच बोलाव. कुलगोड तम्मण्णांनी नावारूपाला आणलेला, कौजलगी निंगम्मांनी गाजवलेला खेळ आहे तो, याच जिल्ह्याचा. आपल्यातलेच काही जण नाक मुरडतील. त्यांना सांग, १८४२ साली उत्तर कन्नडमधल्या कर्कीची भागवत मंडळी सांगलीला खेळ करायला आली, तो बघून मराठी रंगभूमीचा पाया घालणाऱ्या विष्णुदास भाव्यांना पुढच्या वर्षी ‘सीतास्वयंवर’ करायची प्रेरणा मिळाली. संगीत नाटक उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ साली जन्मले ते याच जिल्ह्यात, गुर्लहोसूरला. कुमार गंधर्व सुळेभावीचे, घरची भाषा कन्नड. आपली भाषा आणि आपला हक्क यांबद्दल मी कधी मागं हटले नाही, तू जाणतेस. पण पारिजात बघायला येणारा शेतकरी आपल्या मुलांचं नाटकही बघून जाईल, आणि त्याची मुलगीही उद्या तुझ्या वर्गात पेटी शिकायला बसेल. निवेदन दोन्ही भाषांत कर, पावतीही दोन्ही भाषांत छाप. फलकावर ६० टक्के कन्नडचा नियम आहे, तो छपाईआधीच बघून घे, म्हणजे आदल्या रात्री फलक उतरवायची वेळ येणार नाही.

तारीख जानेवारीतली धर, पण १७ तारीख नको. तो आपल्या सीमालढ्यातला हुतात्मा दिन. पौष आणि माघ पौर्णिमेच्या मागचेपुढचे दिवसही सोड, अर्धा गाव यल्लम्माच्या जत्रेला सौंदत्तीच्या डोंगरावर असतो. सुरुवात संध्याकाळी सहाला कर. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही, आणि वस्तीची गाडी चुकेल म्हणून लोक त्याआधीच उठू लागतात. म्हणून आवाहन शेवटी ठेवू नकोस. मुलांचा प्रवेश संपून टाळ्या चालू असताना, पारिजात सुरू व्हायच्या आधी, एखाद्या विद्यार्थिनीच्या आईला बोलू दे. पाच मिनिटं पुरेत. मग दहा मिनिटं थांबायचं, पावत्या फाडायच्या, तोवर पोरांनी लेझीम खेळायचं. देणगीदारांची नावं वाच, आकडे वाचू नकोस. जत्रेतल्या नाटकात मध्येच ‘अमक्यांकडून एक्कावन्न रुपयांचं बक्षीस’ पुकारतात त्यात मजा असते, पण इथं अकरा रुपये देणाऱ्याची मान खाली जायला नको.

जेवण गावच्या स्त्रीशक्ती संघाकडं, म्हणजे बायकांच्या बचतगटाकडं दे आणि त्यांचे पैसे त्याच रात्री चुकते कर. मांडव, ध्वनी, जनरेटर हे शक्य तितकं वस्तुरूपात मिळव, म्हणजे रोख आलेला रुपया खोलीलाच जाईल.

कागदपत्रांत ढिलाई चालणार नाही. देणगीवरची आयकराची सवलत (८०जी) सांगायची असेल तर दोन हजारांवरची रोख देणगी त्यात बसत नाही, हे पावती फाडणाऱ्या पोरांना पाठ असू दे. पॅन नंबर तिथंच घ्यायचा, कारण नंतर देणगीचं प्रमाणपत्र काढताना देणगीदाराची ओळख द्यावी लागते. नव्या कररचनेत गेलेल्यांना ही सवलत मिळतच नाही, तेव्हा तिच्यावर सगळी भिस्त ठेवू नकोस. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या आपल्या माणसाकडून परदेशी देणगीच्या कायद्याखालच्या (एफसीआरए) नोंदणीशिवाय एक रुपयाही घेऊ नकोस, तो कितीही जवळचा असला तरी. भारतीय पासपोर्ट असलेला दुबईतला भाचा मात्र स्वतःच्या कमाईतून खुशाल देऊ शकतो. कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा (सीएसआर) निधी हवा असेल तर संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागते. पारंपरिक कलांना तो देता येतो, पण नुसती जाहिरात झळकवायला दिलेलं प्रायोजकत्व त्यात धरलं जात नाही. म्हणून कंपनीकडं त्या रात्रीसाठी जाऊ नकोस, वाद्यखोलीसाठी आणि वर्षभराच्या शिकवणीसाठी जा.

कार्यक्रमानंतर आठ दिवसांत हिशेब लागला पाहिजे. जमा, खर्च, शिल्लक, आणि वस्तुरूपानं आलेलं सगळं. केंद्राच्या दारावर, पंचायतीच्या फळ्यावर आणि जिथं जिथं तू पावती फाडलीस त्या प्रत्येक गावच्या देवळात. हे काम खजिनदारावर सोडून मोकळी होऊ नकोस, शेवटची बेरीज स्वतः तपास. लोक देतात ते तुझ्याकडं बघून.

तुझ्या अंदाजपत्रकात जनरेटरचं डिझेल आणि पारिजातवाल्यांचा जाण्यायेण्याचा खर्च दिसला नाही. निवेदकाचं विमानभाडं काढलंस की दोन्ही त्यात बसेल. निवेदन तूच कर, कन्नडसाठी हायस्कूलमधल्या एखाद्या शिक्षिकेला जोडीला घे. नवा कागद करून पाठव. पहिल्या दहा गावांची यादीही त्यातच लिही, मग कुणाच्या दारी आधी जायचं ते फोनवर ठरवू.

तुझ्या
बाई