ग्राहक संघटनेच्या कार्यकारिणीत कंपनीचा माणूस

प्रश्न : आमच्या तालुक्यातल्या ग्राहक संघटनेची कार्यकारिणी अकरा जणांची आहे. एका बियाणे कंपनीच्या वितरकाला तीत घ्यायचं घाटतंय. २४ डिसेंबरच्या ग्राहक दिनाचा मांडव आणि जेवण दरवर्षी त्याच्याकडूनच असतं. ‘अकरात एक, काय बिघडतं? त्याच्या कंपनीचा विषय आला की मत देणार नाही,’ असं अध्यक्ष म्हणतात. कायद्याला हे चालतं का?
– एक सभासद, जालना जिल्हा

उत्तर : चालतं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३५ प्रमाणे नोंदणीकृत ग्राहक संघटना ग्राहकाच्या वतीने तक्रार करू शकते. तिच्या कार्यकारिणीत कोण बसतं, हे कायदा विचारत नाही. त्यामुळे अटकाव तुमच्या घटनेतच लिहावा लागेल.

अध्यक्ष मताचं बोलतात, पण नुकसान मताच्या कितीतरी आधी होतं. जूनचंच घ्या. सोयाबीनच्या बियाण्याची उगवण किमान ७० टक्के हवी. एखादा लॉट, म्हणजे एकाच नंबरच्या बॅगांचा गट, उगवला नाही, तर शेतकरी ओल आहे तोवर दुबार पेरणी उरकतो आणि रान मोडलं की पंचनाम्याला काही उरत नाही. अशा वेळी कार्यकारिणीत कुणी नुसतं ‘पुढच्या बैठकीत घेऊ’ म्हटलं, तरी ते प्रकरण संपलं. दुसरं म्हणजे बैठकीची विषयपत्रिका. तीत गाव, लॉट नंबर आणि तक्रारदाराचं नाव असतं. वितरकाला ती आठ दिवस आधी मिळाली, तर दुकानातला त्या लॉटचा माल परत जातो आणि दहा तक्रारदारांपैकी दोघांना नव्या बॅगा देऊन ‘तक्रार नाही’ असं लिहून घेतलं जातं. मतदानाच्या वेळी तो खुशाल बाहेर बसेल!

म्हणून घटनेत अट घाला : ज्या मालाच्या किंवा सेवेच्या तक्रारी संघटना घेते, त्या धंद्यातून स्वतःला, पती-पत्नीला किंवा मुलांना उत्पन्न आहे, अथवा गेल्या तीन वर्षांत होतं, अशी व्यक्ती कार्यकारिणीवर येणार नाही. दर एप्रिलला प्रत्येकाकडून तसं लेखी घ्या. तुमच्याकडे एक पेच हमखास येईल : कंपनीसाठी सीड प्लॉट घेणारे, म्हणजे आपल्या रानात कंपनीचं बियाणं पिकवून देणारे शेतकरी. त्यांना सरसकट वगळलं तर निम्मं गाव बाहेर जाईल. त्यांना घ्या, मात्र त्या कंपनीच्या प्रकरणाचे कागद त्यांना पाठवू नका, आणि ते किती वाजता बाहेर गेले नि परत आले, हे इतिवृत्तात लिहा.

मांडवाचा खर्च मात्र याच वर्षी थांबवा. वर्गणीत बसेल तेवढाच कार्यक्रम करा, चहा-बिस्किटांवर भागतं. अमेरिकेतली ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ ही १९३६ पासूनची संस्था जाहिराती घेत नाही आणि तपासायचा माल बाजारातून विकत आणते, ते याचसाठी.

प्रश्न : आमच्याकडे असा सदस्य आधीच आहे आणि तो खजिनदार आहे. त्याला काढायचं कसं?
– नांदेड जिल्हा

उत्तर : आधी राजीनामा मागा, तो लेखी आणि तारखेसह हवा. देत नसेल, तर घटनेत सदस्य काढण्याचं कलम, सभेची सूचना किती दिवस आधी द्यायची ते आणि गणपूर्ती पाहा. सूचनेत ‘आयत्या वेळचे विषय’ यावर भागवू नका. विषय नावानिशी लिहा आणि त्याला बाजू मांडू द्या. टपालाच्या पावत्या आणि हजेरीच्या सह्या जपून ठेवा, कारण हरकत नेमकी त्यावरच येते.

संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल, तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, म्हणजे कार्यकारिणीतला बदल कळवणारा अर्ज, द्यावा लागतो. उशीर झाला तर विलंब माफीचा वेगळा अर्ज आणि आणखी हेलपाटे. खजिनदाराच्या बाबतीत ठराव होताच त्याच दिवशी बँकेला प्रत देऊन त्याची सही थांबवायला सांगा. नव्या सहीसाठी बँक बहुधा परिशिष्ट एकचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीचा, उतारा मागते, तोवर व्यवहार अडकतील. तेव्हा वीजबिल, भाडं आधीच भरून टाका.

प्रश्न : किराणा दुकानदार साधा सभासद झाला तर?
– परभणी

उत्तर : होऊ द्या. तोही मोबाइल आणि फ्रिज विकत घेतोच. पण निवडणुकीच्या तोंडावर एकाच बाजारपेठेतले चाळीस अर्ज आले, तर घाई करू नका. सभासद होऊन एक वर्ष झाल्याशिवाय मताचा हक्क नाही, ही अट घटनेत आधीपासून असलेली बरी. अर्ज आल्यावर घातली तर ती टिकवणं कठीण जातं.