नवीन तानपुऱ्याच्या भोपळ्यावर डाग आणि पॉलिशवर बारीक रेघा आहेत, परत करू का?

लगेच परत नका करू. मिरजेचा तानपुरा असेल तर भोपळा खराखुरा असतो, पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतात पिकलेला, त्यामुळे थोडे डाग, एका बाजूला जरासा फुगवटा हे चालायचंच, आवाजाला काही फरक पडत नाही.

रेघ मात्र नीट बघा. उजेडात तिरकं धरून नखाने हळूच चाचपा, नख अडकत नसेल तर बहुतेक नुसतं पॉलिश तडकलंय, पण नख अडकलं, किंवा भोपळा आणि दांडीच्या जोडाशी फट दिसली, किंवा तार छेडल्यावर कुठूनतरी खरखर आली (जवारीची, म्हणजे घोडीवर टेकलेल्या तारेच्या नेहमीच्या झंकाराची नव्हे, तशी वेगळी कळते) तर फोटो काढून त्याच दिवशी दुकानदाराला पाठवा. तबलीवरची, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसवलेल्या लाकडी फळीवरची चीर तर अजिबात चालवून घेऊ नका.

आणि हो, डाग काढायला स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावू नका हां, लाखेचं पॉलिश असेल तर ते त्यात विरघळतं आणि पांढरा चट्टा पडतो. कोरडं सुती फडकं पुरे. कडेची शोभेची सेल्युलॉइडची (प्लॅस्टिकसारखी) पट्टी सुटली असेल तर कारागीर पटकन चिकटवून देतो, घरी फेव्हिक्विकचे प्रयोग नकोत. नुसता डागच खुपत असेल तर थोडे पैसे कमी करून मागा, देतात बरेचदा.