एम.एस.ला लागलास, आता हे ऐक

अभिनंदन रे! एम.एस. जनरल सर्जरीची ३ वर्षं, मग नीट-एसएस ही सुपरस्पेशालिटीची प्रवेश परीक्षा देऊन युरोलॉजीचं (मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रियांचं) एम.सीएच., म्हणजे सर्जरीतली त्यापुढची पदवी, आणखी ३ वर्षं. एमबीबीएस आणि इंटर्नशिप धरून साडेअकरा वर्षं. घरच्यांना हा आकडा आत्ताच सांगून टाक.

पहिले सहा महिने ड्रेसिंग आणि रिपोर्टांमागे पळण्यातच जातील. चिडू नकोस. मी रात्री खाटेच्या दांडीला रेशमी धागा अडकवून एका हाताने गाठी मारायचो, पन्नासेक झाल्या की झोप. डावा हातही तयार कर. लॉगबुक, म्हणजे केलेल्या कामाची नोंदवही, त्याच दिवशी भर. ऑपरेशनमध्ये नुसता रिट्रॅक्टर (जखम उघडी धरायचं हत्यार) धरला असशील तर तसंच लिही.

आणि दोन आठवड्यांच्या फेलोशिपची अक्षरं नावापुढे पाटीवर डकवायची घाई नको. पदवी मिळाली की महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तिची नोंद करायची असते, ते मात्र विसरू नकोस.