हिज्कीयाने पत्र पसरले, पण त्याआधी बोगदाही खणला होता

डोंगराएवढे संकट समोर असताना देवावर भरवसा ठेवणे म्हणजे नेमके काय करायचे आणि बायबलच्या जुन्या करारात त्याला कोणाचा आधार सापडतो, असे आपण विचारले आहे. मी यहूदाचा राजा हिज्कीया याचे नाव घेईन, कारण त्याच्याच नावाने एकदा मला गप्प बसवण्यात आले होते.

वडील एका नातेवाइकाच्या कर्जाला जामीन राहिले होते. ते गेल्यानंतर सहा महिन्यांनी आमच्या घरावर जप्तीची नोटीस आली. रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेच्या वेळी आईने ती पवित्र शास्त्राशेजारी उलगडून ठेवली आणि पंख्याच्या वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यावर चष्म्याचे घर ठेवले. थोरल्या भावाने यशयाचा ३७ वा अध्याय वाचला. अश्शूरचा राजा सन्हेरीब याच्याकडून आलेले धमकीचे पत्र हिज्कीयाने मंदिरात नेऊन परमेश्वरापुढे पसरले आणि अश्शूरी छावणीतले १,८५,००० लोक मारले गेले, हा वृत्तान्त संपवून भाऊ म्हणाला की आता बँकेची पायरी चढणे म्हणजे अविश्वास होय. सोमवारी मी ती चढले. बांगड्या मोडल्या, हप्ते ठरवून घेतले आणि सात वर्षे फेडले. घर राहिले. ते प्रार्थनेने राहिले आणि मी उगाच घाई केली, असे भाऊ आजही मंडळीत सांगतो.

भावाने वाचला तो यशया. हीच हकीकत २ राजे या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायापासूनही येते, आणि तिथली १४ ते १६ ही तीन वचने यशयाच्या पुस्तकात नाहीतच. त्या वचनांत हाच हिज्कीया अश्शूरच्या राजाची माफी मागतो आणि ३०० किक्कार (हे त्या काळचे एक मोठे वजन) रुपे व ३० किक्कार सोने भरण्यासाठी मंदिराच्या दारांवरचे सोने खरवडून काढून देतो. शिवाय वेढ्यात पाणी तुटू नये म्हणून त्याने गीहोन झऱ्याचे पाणी शहरात वळवले. सुमारे ५३३ मीटरचा तो बोगदा यरुशलेमेत आजही आहे, आणि दोन्ही टोकांकडून खणत आलेल्या माणसांना एकमेकांच्या हाका कशा ऐकू आल्या हे सांगणारा शिलालेख १८८० मध्ये त्यात सापडला. ज्याने हे सर्व केले त्याला अविश्वासी म्हणण्याची कोणाची छाती आहे?

तरीही एक गोष्ट मला कबूल केली पाहिजे. सोने घेऊनसुद्धा सन्हेरीबाने फौज पाठवलीच, त्यामुळे माझ्या बांगड्यांनीच घर वाचवले असे मीही छातीठोकपणे म्हणू शकत नाही. आणि इ. स. पू. ७०१ च्या त्याच स्वारीत यहूदाची ४६ तटबंदीची नगरे घेतल्याचे सन्हेरीबाने स्वतः कोरून ठेवले आहे. त्यांपैकीच एक असलेल्या लाखीश नगराचे लोक बायकामुलांसह बंदिवासात निघाल्याची शिल्पे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांचाही देव तोच होता. त्यांच्याविषयी भावाला विचारले, की तो जेवायला उठतो.

आईचे ते पवित्र शास्त्र आता भावाकडे असते आणि नोटीस अजून त्यातच आहे. मागच्या नाताळाला मी ती यशयातून काढून २ राजे १८ च्या पानात ठेवली होती. यंदा पाहिले तर ती पुन्हा यशयात होती.