इस्तंबूलला चाललायस तर बसायचं कुठं आणि कसं

मित्रा,

तुझा मेसेज वाचून हसूच आलं. "मुस्लिम देश आहे, बियर तरी मिळेल ना?" अरे मिळेल की, एफेस नावाची त्यांची स्वतःची बियर आहे आणि बेयोलू भागात तर गल्लीच्या गल्ल्या बारच्या आहेत. आणि आपण कुठल्या तोंडानं विचारतो रे, आपल्या महाराष्ट्रात कायद्यानं प्यायला परवाना लागतो, तो तुझ्याकडं आहे का आधी सांग.

पण तू पहिल्याच रात्री क्लबात जायचं म्हणतोस, तसं करू नकोस. पहिली रात्र मेहानेत घालव, म्हणजे तिथल्या पारंपरिक खाण्यापिण्याच्या अड्ड्यात. इस्तिकलाल रस्त्यावरून मासळीबाजारात शिरलास की बाजूलाच नेविझादे गल्ली आहे, दोन्हीकडं टेबलं, मधून जायला जेमतेम जागा. तिथं वेटर मोठा ट्रे घेऊन येतो, त्यात मेझेच्या, म्हणजे दारूसोबत खायच्या छोट्या छोट्या पदार्थांच्या, पंधरा-वीस बशा असतात, बोट दाखवायचं आणि ती बशी टेबलावर. तू शाकाहारी म्हणून घाबरू नकोस, लसूण घातलेलं घट्ट दही असतं, भाजलेल्या वांग्याचं तर आपलं भरीतच समज फक्त मिरची नाही, आणि पांढरं चीज आणि खरबूज तर हवंच. मग राकी, म्हणजे तिथली खास दारू. ती द्राक्षाची असते, बडीशेपेसारखा वास येतो, उंच बारीक ग्लासात आधी राकी, मग पाणी, ते दुधासारखं पांढरं होतं, बर्फ सगळ्यात शेवटी. साधारण 45 टक्के अल्कोहोल असतं त्यात त्यामुळं शॉट मारायचा विचारही करू नकोस, तिथली माणसं दोन ग्लासांवर तीन-तीन तास गप्पा हाणतात. झिंगून आरडाओरडा करणारा माणूस तिथं कुणालाच आवडत नाही, पिणाऱ्यांनाही नाही.

भिंतीवर अतातुर्कचा, म्हणजे आधुनिक तुर्कस्तानच्या संस्थापकाचा, फोटो दिसेल. तो स्वतः राकीचा शौकीन होता, पण म्हणून त्याच्यावर जोक मारायचा नाही, त्याच्या अपमानाबद्दल 1951 पासून वेगळा कायदाच आहे तिथं. राजकारणावर तर नुसतं ऐकायचं.

आता महत्त्वाचं. तू एकटा आहेस, म्हणून सांगतो. तक्सीम चौकाच्या आसपास एखादा छान इंग्रजी बोलणारा माणूस लायटर मागेल, मग म्हणेल मीपण बाहेरगावचाच, चल एक बियर मारू, ओळखीचा बार आहे. अजिबात जायचं नाही. माझ्या ओळखीतला एकजण गेला होता, तळघरातला बार, दोन मुली येऊन टेबलावर बसल्या, त्यांनी काय मागवलं ते ह्याला कळलंसुद्धा नाही, आणि बिल आलं तेव्हा दोन दांडगे लोक एटीएमपर्यंत सोबत आले. बार तू निवडायचा आणि मेन्यूवर भाव बघूनच ऑर्डर द्यायची, बस.

दुकानातली दारू रात्री 10 ते सकाळी 6 विकत मिळत नाही, 2013 पासूनचा नियम आहे, बारमध्ये बसून मात्र पिता येते. कुणी स्वस्तात बाटली देतो म्हणाला तर हात जोड. टॅक्स इतका चढलाय की बनावट मालाचा धंदा जोरात आहे, 2025 च्या सुरुवातीला इस्तंबूल आणि अंकारात बनावट दारूतल्या विषारी मिथेनॉलनं कित्येक माणसं गेली.

क्लबचं म्हणशील तर बऱ्याच ठिकाणी नुसत्या पोरांच्या टोळक्याला दारातूनच परत पाठवतात, बाउन्सरशी वाद घालू नकोस, पुढचं दार बघ. मला विचारशील तर त्यापेक्षा बोटीनं पलीकडच्या आशियाई बाजूला कादिकोयला जा, एमिनोन्यूच्या धक्क्याहून वीसेक मिनिटं लागतात, तिथली कादिफे गल्ली पोरापोरींनी भरलेली असते आणि टुरिस्टांचा मारा कमी. परतीच्या बोटीची वेळ आधी बघून ठेव. मेट्रो रात्रभर फक्त शुक्रवार-शनिवारी आणि तीही काहीच लाइनींवर चालते.

आणि हे सगळं इस्तंबूलपुरतं हं. पुढं कोन्याला जाणार आहेस तिथं बार शोधत फिरू नकोस, सूफी कवी रूमीची समाधी बघ, जेव, झोप. मशिदीसमोरच्या पायरीवर कॅन उघडणं वगैरे कुठल्याच गावात नको.

फ्लाइटच्या तारखा कळव. रमजानात येत असशील तर काही मेहाने बंद असतात, आणि शुक्रवार पडत असेल तर नेविझादेत टेबल आधी सांगून ठेवावं लागेल.

तुझा,
दादा