वाचकाला खाडाखोड दिसत नाही

अगं, स्वतःची कथा तिसऱ्यांदा वाचल्यावर भंगार वाटायला लागते म्हणतेस ना, ते लिहिणाऱ्या सगळ्यांचंच होतं, कारण तुला त्यातली प्रत्येक खाडाखोड माहितीये आणि वाचकाला फक्त शेवटचा ड्राफ्ट दिसतो, त्याला वाटतं बाई बसल्या आणि सरसर लिहून मोकळ्या झाल्या. माझ्या एका कथेत म्हातारी चुलीवर चहा ठेवते ते वाक्य मी अकरा वेळा बदललं, शेवटी 'चहा उतू गेला' एवढंच ठेवलं, तर एका काकूंनी फोन करून विचारलं, आमच्या सासूबाईंची गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली? ज्या परिच्छेदावर जीव ओतला होता त्याबद्दल चकार शब्द नाही (अजून राग येतो थोडा).

ड्राफ्ट पंधरा दिवस बाजूला ठेव, मग मोठ्याने वाच, जीभ अडखळेल तिथेच पेन्सिल लाव, बाकीला हात नको. दिवाळी अंकाला द्यायची तर जून-जुलैतच पाठव, १९०९ च्या 'मनोरंजन' मासिकापासूनची दिवाळी अंकांची परंपरा आहे ती, संपादकांकडे गठ्ठेच्या गठ्ठे येतात, उत्तर नाही आलं म्हणजे कथा वाईट असं नसतं. आणि घरच्यांना आधी वाचायला देऊ नकोस हं, ते पहिलं विचारतात, यातली आत्या म्हणजे मी का?